चार चॅनेल की आठ, हे नंतर ठरवा; चित्रण किती दिवस टिकेल ते आधी विचारा

घराच्या चार कॅमेऱ्यांसाठी एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, चार चॅनेलचा (एका कॅमेऱ्याला एक चॅनेल) घ्यावा की आठ चॅनेलचा, आणि तो पीओईचा, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा असावा का, असे आपण विचारले आहे. आठ चॅनेलचा घ्यावा, कारण वर्षभरात जिन्यावर किंवा परड्यात पाचवा कॅमेरा हवासा वाटू लागतोच. आमच्या घरीही याच आकड्यावरून दोन संध्याकाळी वाद झाला. चित्रण किती दिवस टिकणार, हे मात्र माझ्याखेरीज कोणीही विचारले नाही.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घरामागे परडे आहे. तेथील दगडी कट्ट्यावर आजीचे तांब्याचे घंगाळ असे. त्याचा वापर केव्हाच संपला होता, तरी दर दिवाळीला आई ते चिंचेने घासून लखलखीत करी. कॅमेऱ्यांचे काम माझ्या मेहुण्यांनी अंगावर घेतले आणि स्वतःच्या जुन्या संगणकातील १ टीबीची डिस्क काढून एनव्हीआरमध्ये घातली. मी हरकत घेतली, तेव्हा 'दाजी, चोर काय महिनाभर परड्यात बसून ऱ्हाणार हाय व्हय?' असे म्हणून त्यांनी सर्वांना हसवले आणि विषय संपवला.

हिशेब काही अवघड नव्हता. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा चित्रण आकसून लहान करण्याच्या एच.२६४ पद्धतीने सेकंदाला ४ मेगाबिट पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतात. चार कॅमेऱ्यांचे १७३ जीबी होतात, म्हणजे १ टीबीची डिस्क पुरते सहा दिवसही चालत नाही, आणि त्यानंतर यंत्र सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहू लागते. गेल्या मे महिन्यात आम्ही दहा दिवस राधानगरीकडे गावी गेलो आणि परतलो तेव्हा घंगाळ नव्हते. कॅमेरे चालू होते, एनव्हीआर चालू होता, आणि शिल्लक राहिलेल्या चित्रणाच्या अगदी पहिल्या क्षणालाच कट्टा रिकामा दिसत होता. ते चित्रण मी तीन वेळा पाहिले. साऱ्या अवधीत त्या कट्ट्यावर एक मांजर तेवढे येऊन बसले. पोलीस ठाण्यात फुटेज आहे का असे विचारले गेले, तेव्हा मेहुणे माझ्याआधीच 'आहे की' म्हणाले.

म्हणून डिस्क किमान ४ टीबीची घ्यावी आणि ती अहोरात्र लिहीत राहण्यासाठीच बनवलेली असावी. वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक या त्या जातीच्या. वरच्याच हिशेबाने ती तेवीस दिवस पुरते. एच.२६५ ही त्यापुढची पद्धत वापरल्यास बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट जातात तो आकडा, साधारण निम्म्यावर आणता येतो, मात्र तो सेटिंगमध्ये जाऊन स्वतः कमी करावा लागतो. नुसती पद्धत बदलून बिटरेट तोच ठेवला, तर एकही दिवस वाढत नाही. केवळ हालचाल झाल्यावर चित्रण करावे, असा मेहुण्यांचा नंतरचा युक्तिवाद होता. आमच्या परड्यात केळी आहेत आणि त्यांची पाने रात्रभर हलत असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

पीओईबाबत थोडक्यात सांगतो. तसाच घ्यावा, कारण सर्व कॅमेऱ्यांची वीज एनव्हीआरमधूनच जात असल्याने त्याला एक यूपीएस जोडला की वीज गेली तरी सारे चालू राहते. वायर शुद्ध तांब्याची मागावी, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको, आणि एका कॅमेऱ्याचे अंतर १०० मीटरच्या आत ठेवावे. यंत्र दर्शनी ठेवू नये, नाहीतर चोर तेच उचलून नेतो. आणि आपले घर पंचगंगेच्या पूररेषेत असेल, तर २०१९ आणि २०२१ आठवून ते माळ्यावरच बसवावे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आमचा परड्यातील कॅमेरा २.८ मिलीमीटर भिंगाचा आहे. त्यात सारे परडे दिसते, पण कट्ट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. चित्रण टिकले असते तरी चोर सापडला नसता, असे मेहुणे म्हणतात, आणि ते खरेही असेल. तरीही घंगाळ कोणत्या रात्री गेले, एवढे तरी आईला सांगता आले असते.