टाइप रेटिंगसाठी वीस गुंठे काढू का?

सर, नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला, सोबत जोडलेलं एजंटचं कोटेशन पण झूम करून बघितलं, त्यावर येतोच.

आधी प्रश्न थोडक्यात. लेकीनं बारामतीला २०० तास विमान उडवून सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) काढलं, त्यासाठी घर तारण ठेवून ३५ लाखांचं एज्युकेशन लोन, ११ टक्के, १५ वर्षं, हप्ता साधारण ३९,८००. लायसन्स हातात येऊन सव्वा वर्ष झालं तरी एअरलाइनचा कॉल नाही. आता एजंट म्हणतोय परदेशात एअरबस ए३२० चं टाइप रेटिंग (म्हणजे त्या एका प्रकारचं विमान उडवायचं ट्रेनिंग आणि परवानगी) करा, २० लाख लागतील, नोकरी पक्की. तुमचा पगार हातात ९२,०००, रिटायरमेंटला तीन वर्षं. आणि दोन पर्याय, करवीरमधला वीस गुंठे ऊस विकायचा नाहीतर पतसंस्थेकडून १४ टक्क्यानं सात वर्षांसाठी उचलायचे.

माझं उत्तर, आत्ता दोन्ही नको. एअरलाइनचं सिलेक्शन लेटर हातात येईपर्यंत टाइप रेटिंगला एक रुपया घालू नका.

कारण सांगतो, आणि तुम्ही ऊसवाले म्हणून तुम्हाला लगेच कळेल. कारखान्याची तोड मिळायच्या आधीच ऊस तोडून फडात टाकला तर काय होतं? गाडी येईपर्यंत रोज वजन घटत जातं. टाइप रेटिंगचं अगदी तसंच आहे ओ. रेटिंग झालं म्हणजे ते कायमचं झालं असं नाही, विमान उडवायला दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर (जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये) प्रोफिशियन्सी चेक द्यावा लागतो, नोकरी असली तर तो कंपनी करून घेते, नसली तर तुम्ही स्वतःच्या खिशातनं. शिवाय मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना यंत्रं बघून उडवायची परवानगी) दरवर्षी चालू ठेवायचंच आहे. आणि रेटिंग फक्त त्याच विमानाचं. उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, आपण बघतो ती इंडिगोची पंख्याची विमानं एटीआर, स्टार एअरची एम्ब्राएर, यातल्या एकालाही ए३२० चं रेटिंग चालत नाही. आकासाकडे सगळी बोईंग ७३७ मॅक्स. म्हणजे २० लाख घालून तुम्ही दारं वाढवत नाही, एकाच दारापुढं उभं राहताय.

आणि त्या दारापुढं गर्दी कुणाची? गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, त्यांच्याकडे ए३२० च होती. त्याआधी २०१९ ला जेट, २०१२ ला किंगफिशर. अशी एक कंपनी बसली की हजारो तास उडवलेले पायलट बाजारात येतात, त्यांच्यासमोर रेटिंग आहे पण प्रवासी घेऊन उडवलेला तास शून्य अशा मुलीचा नंबर कुठं लागणार. २०२३ मध्ये इंडिगोनं एकदम ५०० आणि एअर इंडियानं ४७० विमानांची ऑर्डर दिली हे खरं आहे, एजंट तेच दाखवतोय ना? पण ती विमानं येणार वर्षानुवर्षं, आणि तुमचा हप्ता सुरू होणार पुढच्या महिन्यात.

आता हप्त्याचंच बघू. पतसंस्थेचे २० लाख, १४ टक्के, सात वर्षं, हप्ता होतो ३७,५०० च्या आसपास. आधीचे ३९,८०० मिळवा, ७७,३००. हातात उरले १४,७००, त्यात घर, दूध, वहिनींची औषधं. आणि नोकरी उरली तीन वर्षं, हप्ते सात. पेन्शनवर तो हप्ता भरणार कसा हे मला तुमच्या मेलमध्ये कुठंच दिसलं नाही. अजून एक, बँकेच्या एज्युकेशन लोनच्या व्याजाला जुन्या टॅक्स पद्धतीत उत्पन्नातनं वजावट मिळते, पतसंस्थेच्या कर्जाला ती मिळत नाही. (जाता जाता, त्याच पतसंस्थेत तुमची ६ लाखांची ठेव आहे म्हणता, बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला जो विमा असतो तो पतसंस्थेला नसतो. तेवढं वेगळं बोलू.)

जमीन विकली तर हप्ता नाही हे बरोबर, पण ती तुमच्याकडची एकमेव न गुंतलेली वस्तू आहे. घर आधीच बँकेकडं. शेवटचा पत्ता पहिल्याच डावात टाकायचा नाही.

आता कोटेशन. वर ठळक १७.५ लाख, खाली बारीक अक्षरात बेस ट्रेनिंग वेगळं, राहणं खाणं वेगळं, जादा सिम्युलेटर सेशन लागलं तर त्याचं वेगळं, इथं येऊन लायसन्सवर रेटिंगची नोंद (एन्डॉर्समेंट) करायचा खर्च वेगळा. बेस ट्रेनिंग म्हणजे खऱ्या विमानावरचे टेकऑफ लँडिंग, ते वगळून रेटिंगची किंमत सांगणं म्हणजे लग्नाचं बजेट सांगताना जेवण धरायचं नाही. आणि 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलंय, 'नोकरी' हा शब्द अख्ख्या कागदावर एकदाही नाही. तोंडी पक्की म्हणतोय तर त्याला म्हणा हेच लेटरहेडवर लिहून द्या, नोकरी नाही लागली तर किती पैसे परत ते पण लिहा. बघा मग फोन उचलतो का.

मग लेकीनं घरी बसायचं का, तर नाही. काही एअरलाइन्स रेटिंग नसलेले सीपीएलवाले पण घेतात, लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक, सिम्युलेटर चेक, सगळं पास झाल्यावर मग रेटिंगचे पैसे भरायला सांगतात किंवा बाँड (अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही असा करार) करून घेतात. तयारी त्याची करू दे. एटीपीएलचे (सीपीएलच्या वरचं, कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) लेखी पेपर आत्ताच देता येतात, फी किरकोळ. आणि माझ्या मते सगळ्यात चांगला पर्याय असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, काही लाखांत होतं, फ्लाइंग स्कूलमध्ये थोडाफार पगार सुटतो आणि मुख्य म्हणजे तास वाढतात, दुसऱ्याच्या पेट्रोलवर. याला तुमच्या जीपीएफमधनं (भविष्य निर्वाह निधीतनं) ॲडव्हान्स काढलात तरी माझी हरकत नाही.

लेटर आलं की चित्रच वेगळं. मग त्याच बँकेकडं टॉपअप (आधीच्या कर्जावर वाढीव कर्ज) मागायचा, लेटर जोडून, कर्ज लेकीच्या नावानं आणि तुम्ही सहकर्जदार, पगार सुरू झाला की तिचा टर्म प्लॅन आणि लायसन्स गेलं तर पैसे देणारा विमा, कारण एका मेडिकलमध्ये या नोकरीचा विषय संपू शकतो. त्या दिवशी गरज पडली तर वीस गुंठ्यांतले दहा विका, मीच म्हणेन.

शनिवारी दुपारी मी राजारामपुरीच्या ऑफिसला असतो. येताना बँकेचं सँक्शन लेटर आणा आणि लेकीला पण आणा, तिच्याशी बोलल्याशिवाय पुढचा आकडा मांडणार नाही. तोवर एजंटला टोकन म्हणून ५०,००० पण देऊ नका, 'सीट ब्लॉक करतो' म्हणाला तरी.