सगळंच वयाच्या खात्यावर टाकू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५२, नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहात, हल्ली नावं पटकन आठवत नाहीत, नव्या सॉफ्टवेअरची धास्ती वाटते, तरुण मुलींपुढे आपण मागे पडलो असं वाटतं आणि म्हातारपणाच्या विचाराने रात्री झोप उडते. आत्मविश्वास परत येईल का, की सन्मानाने राजीनामा द्यावा?

राजीनामा एवढ्यात देऊ नका. मी ६२ वर्षांची आहे. अशोक स्तंभाजवळ एका कर सल्लागारांच्या ऑफिसात अजून रोज जाते. तुमचं वाचून पहिल्यांदा वाटलं ते हे की, तुम्ही पाच-सहा वेगवेगळे खर्च एकाच खात्यावर टाकलेत आणि त्या खात्याला 'वय' असं नाव दिलंय. आधी ते सुटे करू.

विसरण्यापासून सुरू करते, कारण खरी भीती तिथे आहे. तुम्ही लिहिलंय की पाळी अजून मागेपुढे होते आणि रात्री अंगातून वाफा निघतात. म्हणजे झोप तुटते, आणि झोप तुटलेल्या माणसाला पंचविशीतसुद्धा नावं आठवत नाहीत. अमेरिकेत 'स्वान' नावाचा एक मोठा अभ्यास आहे, हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा. २००९ साली त्यातून असं पुढे आलं की पाळी जाण्याच्या आसपासच्या काळात नवीन गोष्ट शिकण्याची गती जरा मंदावते, आणि पाळी पूर्ण गेल्यावर ती पुन्हा पूर्वीसारखी होते. मला हे पन्नाशीत कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं! तेव्हा या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. ते कमी असलं की विसरायला होतं, हातापायांना मुंग्या येतात, मनही खचतं, आणि वेळेत कळलं तर हे सगळं औषधाने बरंचसं सुधारतं. डोळेही तपासा. जवळच्या नंबरचा चष्मा वाचायला ठीक असतो, पण स्क्रीन त्याहून लांब असते. मान वर करून दिवसभर आकडे वाचणारी बाई संध्याकाळी थकणारच. डॉक्टरांना 'कॉम्प्युटरच्या अंतराचा नंबर द्या' असं स्पष्ट सांगा. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं किंवा रोजची नोंद कशी करायची हेच न सुचणं, असं काही होत असेल तर मात्र ते वेगळं, त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टना लगेच दाखवा. शेजारणीचं नाव जिभेवर अडकणं म्हणजे ते नव्हे.

आता कामाचं. वेग कमी होतो हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण वेग म्हणजे काम नव्हे. १९८४ साली टिमोथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने १९ ते ७२ वयाच्या टायपिस्टांची चाचणी घेतली. अक्षर दिसलं की बटण दाबायचं, एवढ्याच परीक्षेत वयस्कर मंडळी हळू पडली. पण सलग मजकूर दिला तेव्हा त्यांचा वेग तरुणांइतकाच निघाला. कारण त्यांची नजर हाताच्या बरीच पुढे धावत होती, पुढची अक्षरं ती आधीच टिपून ठेवत होती.

आपल्या कामात ही नजर कशी दिसते ते सांगते. मार्चअखेरीला आमच्याकडे एका पार्टीचं खातं जुळेना, १,८०० चा फरक येत होता. नवीन आलेली मुलगी एकेक बिल उघडून बघत होती, रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, फरकाला ९ ने भाग. पूर्ण भाग गेला, म्हणजे बहुधा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालीय. हजार आणि शतकाचे अंक उलटे पडले की त्या अंकांतल्या दर एकच्या फरकाला ९०० चा घोळ होतो. १,८०० म्हणजे ९०० दोनदा, म्हणजे अदलाबदल हजार आणि शतकाच्या जागी, आणि त्या दोन अंकांत फरक दोनचा. असं बिल शोध. ४८,६३० चं बिल ४६,८३० असं पडलं होतं, चहा यायच्या आत सापडलं. त्याच मुलीने मला टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट-जी दाबून हवं त्या रिपोर्टवर थेट कसं जायचं ते दाखवलं, आणि मी आता मेनूत शोधत बसत नाही. तिला माझं हवं होतं, मला तिचं. तुमच्या हाताखालूनही असे किती तरी फरक गेले असतील, फक्त ते तुम्ही कधी मोजले नाहीत. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा व्हॅटचं सगळं पाठ असलेल्या आपल्यासारख्यांना पुन्हा पाटी कोरी करून शिकावं लागलं होतं. तेव्हा शिकलात ना? तीच तुम्ही आहात.

शिकताना एक गोष्ट सांभाळा. 'काकू, द्या इकडे, मी पटकन करते' म्हणून कोणी माउस ओढला तर देऊ नका. 'तू तोंडाने सांग, हात माझा चालू दे' असं म्हणा. बघून शिकलेलं दुसऱ्या दिवशी उडतं, हाताने केलेलं राहतं. पायऱ्या आपल्या अक्षरात वहीत मराठीत लिहा. यात कमीपणा मुळीच नाही.

लहानपणापासून आपण 'साठी बुद्धी नाठी' ऐकत आलो, मग चाळिशीपासूनच स्वतःला ते लावून बघतो. याचा परिणाम तब्येतीवर होतो. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांचा २००२ चा अभ्यास आहे, ओहायोतल्या एका छोट्या गावातल्या ५० च्या पुढच्या लोकांवर. आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने बघणारे लोक, तसं न बघणाऱ्यांपेक्षा सरासरी ७.५ वर्षं जास्त जगले. मूळची तब्येत, आर्थिक स्थिती, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. म्हणून 'आता काय राहिलंय माझं' हे वाक्य, बोलायचं म्हणूनसुद्धा, बोलू नका. मैत्रीण म्हणाली तर तिलाही अडवा.

मैत्रिणींवरून आठवलं, तुमच्या प्रश्नात ऑफिस आहे, सासूबाईंचं आजारपण आहे, मुलाचं लग्न आहे, पण तुमचं स्वतःचं असं काहीच नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचलं. संध्याकाळी कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमच्या वयाच्या बायका चालायला येतात, कोणी शाळेतून निवृत्त, कोणी अजून दुकान सांभाळणारी. गुडघ्यांपासून सुनांपर्यंत सगळं बोलणं होतं. अशा चार जणी तुम्हालाही हव्यात, तुमच्या भागात शोधा. शिकायची हौस असेल तर मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे, १९८९ पासून. तिथे वय आडवं येत नाही. आणि मन सतत उदास राहतंय, कशातच रस वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ट्रॅकवर चालून ते जाईल असं समजू नका. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

राहिला राजीनामा. म्हातारपणाची आपली भीती बरीचशी पैशाची असते, ती मोकळेपणाने बघा. पीएफच्या पासबुकात तुमच्या पेन्शन योजनेची सेवा १० वर्षं भरतेय का ते पाहा. भरत असेल तर ५८ व्या वर्षी पूर्ण पेन्शन सुरू होते. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितकी दर वर्षाला ४ टक्के कापली जाते, कायमची. ग्रॅच्युइटी दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराइतकी, तीही काढून बघा. नॉमिनीचं नाव, स्वतःच्या एकटीच्या नावाचं बँक खातं, आरोग्य विमा, हे सगळं एका कागदावर मांडा. साहेबांशी बोलायचंच असेल तर राजीनाम्याऐवजी नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगची मागणी करा, आणि ती लेखी करा.

तपासण्यांचे रिपोर्ट आले की इथेच कळवा. बी-१२ किती निघालं ते मुद्दाम लिहा.