आधी हवा बघ, मग इंजेक्टर

मित्रा, तुझी सात सीटर डिझेल गाडी लिटरला १० किलोमीटरचंच मायलेज देते म्हणून लगेच इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) उघडायला लावू नकोस. टायरची हवा कमी असली तरी मायलेज पडतं, म्हणून आधी ती तपास, तीही सकाळी, गाडी हलवायच्या आत. अंधेरीहून ठाण्यापर्यंत चालवून पंपावर गेलास तर तापलेल्या टायरात काटा हवेचा दाब ३-४ पीएसआय (दाबाचं माप) जास्त दाखवतो. पंपवाला तेवढी हवा सोडतो आणि टायर थंड झाले की कमी पडते. माझं तेच व्हायचं. पुढच्या टायरच्या दोन्ही कडा गुळगुळीत, मधली नक्षी शाबूत, म्हणजे हवा कमी असल्याची खूण. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, टायरवरचा कमाल मर्यादेचा. तो भरू नकोस. सगळे बसून, सामान घेऊन गावाला निघालात तर स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा घे. आणि मायलेज फुल टाकी ते फुल टाकीच मोज, म्हणजे मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा फुल करताना लागलेलं डिझेल.