ग्रामसभेने ‘नाही’ म्हटलं तर सरकारला थांबावं लागतं का?

तुमचं गाव पेसात आहे, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, भूसंपादनाची नोटीस आलीये, आणि ग्रामसभेने विरोधाचा ठराव घेतला तर सरकार थांबेल का, असं तुम्ही विचारलंय. नोटीस कुठल्या कायद्याखाली आली, ते आधी बघा.

१९९६च्या पेसात जमीन घेण्याआधी नुसता ‘विचारविनिमय’ आहे. विचारायचं, ऐकायचं बंधन नाही. वाळू-मुरमासारख्या गौण खनिजाच्या पट्ट्याला ग्रामसभेची किंवा पंचायतीची ‘शिफारस’ लागते, तीही सक्तीची. लोहखनिज गौण खनिजात येत नाही, गडचिरोलीतल्या लोहखनिजाच्या खाणींना फट आहे ती हीच. २०१३च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४१ मात्र अनुसूचित क्षेत्रात ‘पूर्वसंमती’ मागतं. पण राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वेचे कायदे वेगळे, तिथे या कलमाच्या भरवशावर राहू नका.

जंगल जात असेल तर २००६चा वनहक्क कायदा जास्त कामाचा. त्याच्याच आधाराने ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सुप्रीम कोर्टाने २०१३मध्ये ग्रामसभांपुढे ठेवला आणि तिथे निरीक्षक म्हणून न्यायाधीश बसवला. बाराच्या बारा गावं ‘नाही’ म्हणाली. खाण झाली नाही.

अर्थात हक्क कागदावर आला म्हणजे हातात आला असं नाही. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ला मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचं वाहतूक पासाचं पुस्तक हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला.

आता ठरावाबद्दल. एका गावाची इतिवृत्ताची वही मी पाहिलीये. लोक दुपारभर भांडले होते. वहीत मात्र ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली’ एवढीच ओळ, खाली सह्या आणि अंगठे. पुढे फाइलला तेच पान विचारविनिमय झाल्याचा पुरावा म्हणून लागलं! म्हणून ‘संमती नाही’ हे दोन शब्द स्वच्छ लिहा. गट नंबर, देवाची जागा, मोहाची झाडं, सगळं येऊ द्या. शेवटच्या ओळीखाली रेघ मारा, म्हणजे नंतर कुणी भर घालणार नाही. सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी घ्या. आणि वनहक्काचा विषय असेल तर निम्मे सभासद हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया.

नोटिशीत कायद्याचं नाव आणि कलम दिलेलं असेल, तेवढं कळवा. मग ‘विचारविनिमय’ की ‘संमती’ ते सांगतो.