म्युझिक प्लेअर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचा मोबाइल काढावा का?

नको. निदान तुम्ही प्रश्नाखाली जे कारण दिलंय त्या कारणासाठी तर अजिबात नको. "आवाज सगळ्यात भारी असेल तर लोक दोन वस्तू खिशात कशाला बाळगतील, घेतीलच की," असं तुम्ही लिहिलंय. जवळपास हेच वाक्य मी २००९ साली पुण्याजवळ भोसरीत, मी नोकरीला होतो त्या प्लेअरच्या कंपनीत ऐकलंय. ज्यांनी ते म्हटलं ते सेल्सचे साहेब अजूनही भेटेल त्याला सांगतात की फोन उत्तम होता, सर्व्हिसने बुडवला. सर्व्हिस म्हणजे दुरुस्तीचं खातं, म्हणजे मी. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपनीचं नाव नको. शेन्झेनहून बोर्ड आणि बॉडी मागवायची, भोसरीच्या गाळ्यात जोडणी करायची, आपला शिक्का मारायचा, असा धंदा. एमपीथ्री प्लेअर, आणि पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावर चालणारे छोटे स्पीकर. स्वस्तातला माल होता, पण टाकाऊ नव्हता. मालकांना, म्हणजे आमच्या शेठना, कान होता. प्रत्येक नवा नमुना ते स्वतः बसून ऐकायचे; भीमसेनजींचा तार षड्ज फाटला की नमुना परत. ॲम्प्लिफायरचा आयसी, म्हणजे चिप, महागातला घ्यायला त्यांनी कधी हात आखडला नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतले इलेक्ट्रॉनिक्सचे दुकानदार आमचा माल वाजवूनसुद्धा बघायचे नाहीत, खोका आला की ठेवून घ्यायचे.

आणि माझं काम सोपं होतं, कारण प्लेअर आम्ही दुरुस्त करतच नव्हतो. बिघडला की बदलून द्यायचा, जुना पीस पोत्यात. गिऱ्हाईक खूश, कारण त्याची गाणी कार्डात. कार्ड काढलं, नव्या डब्यात घातलं, झालं. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२००९ पर्यंत धंदा बसायला लागला होता. सोनी एरिक्सनचा डब्ल्यू ८०० हा वॉकमन फोन २००५ मध्येच आला होता, आणि नोकियाचा ५३१० एक्सप्रेस म्युझिक तर कॉलेजच्या प्रत्येक कट्ट्यावर दिसायचा. गल्लोगल्ली 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या लागल्या, आणि भरलेलं कार्ड प्लेअरमध्ये नाही, फोनमध्ये जायला लागलं. तेव्हा सेल्सच्या साहेबांनी प्रेझेंटेशन केलं. स्लाइडवर डावीकडे आयपॉड, उजवीकडे आयफोन, मधे एक जाडजूड बाण. त्यांनी केलं, मग आपण का नाही?

माझा राग त्या बाणावर आहे. २००१ चा आयपॉड आणि २००७ चा आयफोन यांच्या मधे एक फोन पडलाय, तो कोणी दाखवत नाही. सप्टेंबर २००५, मोटोरोलाचा रॉकर ई१. ॲपलच्या आयट्यून्स या सॉफ्टवेअरमधली गाणी वाजवणारा पहिला फोन. मेमरी कार्डात जागा असो नसो, शंभरच्या वर गाणी घ्यायचा नाही, आणि ती भरायला लागणारा वेळ तर विचारूच नका. त्याच कार्यक्रमात ॲपलने आयपॉड नॅनो दाखवला आणि रॉकरचा विषय तिथेच संपला. म्हणजे बाजारातला सगळ्यात गाजलेला प्लेअर ज्यांच्या हातात होता, त्यांचंसुद्धा प्लेअरला सिमकार्ड जोडायचं हे गणित चुकलं. जमलं कधी? गाणी ही फोनमधल्या अनेक गोष्टींपैकी एक करून टाकली, आणि सगळा जीव पडदा, ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ओतला, तेव्हा. आणि त्या फोनने आपलाच आयपॉड खाल्ला तरी खाऊ दिला. २०२२ मध्ये आयपॉड कायमचा बंद झाला. हे शेवटचं सोडलं तर बाकी सगळं मी त्या मीटिंगमध्ये बोललो होतो. साहेब म्हणाले, "तुम्ही सर्व्हिसवाले फार निगेटिव्ह."

फोन निघाला. शेठनी आवाजात कसर ठेवली नाही. मागे दोन स्पीकर, वेगळा ॲम्प, आणि हेडफोनला साधा साडेतीन एमएमचा जॅक. तेव्हा बऱ्याच फोनना कंपनीची स्वतःची वेगळी पिन असायची, त्यामुळे हा जॅक खरोखर शहाणपणाचा होता, श्रेय द्यायला हवं. पण पहिला लॉट बाजारात गेला आणि तक्रार आली की गाणं ऐकताना मधेच टिर्र वाजतं.

आता हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचा तांत्रिक गाभा इथे आहे. जीएसएम, म्हणजे तेव्हाचा टूजी फोन, टॉवरशी सलग बोलत नाही. सेकंदाला सुमारे २१७ झटके देत बोलतो, आणि ९०० मेगाहर्ट्झच्या बँडवर एकेका झटक्याची ताकद २ वॉटपर्यंत जाते. शेजारी ॲम्प्लिफायर असला की तो हे झटके उचलतो आणि ऐकवतो. पूर्वी कॉल यायच्या आधी काँप्युटरचे स्पीकर 'टिर्र टिक टिर्र' करायचे ते आठवत असेल. तेच, फक्त आमच्या फोनच्या पोटात. ॲम्प जितका चांगला तितकी टिर्र स्वच्छ! शेठच्या ऐकण्यात हे आलंच नव्हतं, कारण ते नमुना ऐकायचे तो सिम न घालता. प्लेअर ऐकायची सवय.

पुढच्या लॉटला ॲम्पवर पत्र्याचं शील्ड चढवलं, स्पीकरच्या वायरींवर कपॅसिटर टाकले. टिर्र कमी झाली, रेंज गेली. अँटेना खालच्या अंगाला, आणि तिला खेटून दोन चुंबकवाले स्पीकर आणि आता हा पत्रा. पुण्यात खपून जायचं, कारण टॉवर डोक्यावर. वेल्ह्याच्या, भोरच्या डोंगराळ बाजूला माणूस फोन घेऊन अंगणात, अंगणातून बांधावर. प्लेअर बनवणाऱ्याला ॲम्प कळतो, अँटेना कळत नाही. दोन्ही कळणारी माणसं मोबाइल कंपनीत पगार घेऊन बसलेली असतात, ती आमच्याकडे नव्हती.

पण खरा जीव घेतला तो डिस्प्लेने. बाहेरून एकच मॉडेल, एकच खोका, एकच नंबर. आत मात्र तिकडच्या कारखान्याला त्या आठवड्यात जो डिस्प्ले स्वस्त मिळाला तो घातलेला. स्ट्रिप (डिस्प्लेची चपटी वायर) तीच, सॉकेट तेच, पण डिस्प्ले चालवणारा ड्रायव्हर आयसी वेगळा. एका लॉटचा डिस्प्ले दुसऱ्या लॉटच्या फोनला लावला की पडदा पांढराफटक. मग त्या लॉटचं सॉफ्टवेअर शोधा, फ्लॅश मारा, म्हणजे ते फोनमध्ये नव्याने घाला, आणि फ्लॅश मारला की गिऱ्हाइकाचे सगळे नंबर, सगळे मेसेज साफ. माझ्या पोरांनी फोन उघडून स्ट्रिपवरचा बारीक छापील कोड भिंगाखाली वाचायचा आणि वहीत लिहून ठेवायचा, अशी पद्धत शेवटी आम्हीच बसवली. तीही पुरायची नाही, कारण त्या कोडचा डिस्प्ले स्टोअरमध्ये असेलच असं नाही.

का नव्हता? ऑर्डर देतानाच मी लेखी मागितलं होतं की फोनच्या प्रत्येक लॉटबरोबर त्याच लॉटचे डिस्प्ले, चार्जिंग पिना, कीपॅड, बॅटऱ्या सुट्या मागवा. साहेबांचं उत्तर एका ओळीचं: "प्लेअरला कधी लागले स्पेअर?"

नव्हतेच लागले. पण प्लेअर बंद पडला तर माणूस गाणी नंतर ऐकतो, फोन बंद पडला तर त्याचा धंदा थांबतो. प्लेअर बदलून दिला की मिटतं. फोन बदलून द्यायचा तर बिलावरचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, बदलतो, कागद बदलतात, आणि नंबर तर गेलेलेच असतात. इस्लामपूरचा आमचा एक जुना डीलर फोनवर म्हणाला होता, "साहेब, तुमचा प्लेअर विकला की गिऱ्हाईक पुढच्या दिवाळीला यायचं. हा फोन विकला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी उभं असतंय." त्याने नंतर प्लेअरसुद्धा ठेवणं बंद केलं. हा तोटा कुठल्याच हिशेबात धरला गेला नव्हता.

मधे थोडे दिवस सुगीचे आले, ते सांगितलं नाही तर साहेब म्हणतील एकतर्फी लिहिलं. नोव्हेंबर २००९ संपला आणि सरकारने वैध आयएमईआय नसलेले हँडसेट नेटवर्कवरून बंद करायला लावले. बिननंबरी चायना फोनचा बाजार बसला. आमच्या सेटला नंबर रीतसर होता, त्यामुळे माल सपाट्याने उचलला गेला. त्या जोरावर सेल्सने पुढचा लॉट दुप्पट मागवला. स्पेअर तेवढेच, म्हणजे जवळपास नाहीतच. नंतर मायक्रोमॅक्ससारखे पूर्ण वेळ फोनचाच धंदा करणारे गल्लीत उतरले आणि आमचा दुप्पट लॉट गोदामात राहिला.

ओप्पोचं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून आधीच सांगतो. बरोबर आहे, २००४ ची कंपनी, सुरुवात एमपीथ्री प्लेअरने, २००८ मध्ये पहिला फोन. पण आज ओप्पोचा प्लेअर कुणाच्या खिशात बघितलाय? त्यांनी फोनसाठी प्लेअर सोडला, आणि मग भारतात आल्यावर सर्व्हिस सेंटरही उभी केली. झुहाईची मेइझू तशीच. प्लेअरसाठी नावाजलेली, २००९ मध्ये एम८ फोन आणला, प्लेअर बंद केले, आणि तरीही २०२४ मध्ये पारंपरिक स्मार्टफोनचे नवे प्रकल्प थांबवतो म्हणून जाहीर करायची वेळ आली. म्हणजे प्लेअर सोडूनही खात्री नाहीच.

याउलट 'आवाजवाला फोन' म्हणून जे निघाले त्यांचं बघा. गिटारच्या ॲम्पसाठी नावाजलेल्या मार्शलचा २०१५ चा लंडन. हेडफोनचे दोन जॅक, आवाजाला सोनेरी चाक, दिसायला देखणा. आत प्रोसेसर हलक्यातला, स्नॅपड्रॅगन ४१०, किंमत मात्र भारीतल्या फोनची. दुसरा आलाच नाही. ऑनक्यो या जपानी ऑडिओ कंपनीचा ग्रॅनबीट, २०१७, दोन स्वतंत्र डॅक चिप (डिजिटल गाण्याचा ऐकायचा सिग्नल बनवणाऱ्या) आत, आवाज खरोखर वरच्या दर्जाचा. तोही एकटाच राहिला. मायक्रोसॉफ्टने झून प्लेअरचं सॉफ्टवेअर घालून २०१० मध्ये किन फोन आणले आणि दोन महिन्यांत गुंडाळले. ह्यांच्याकडे पैसा नव्हता का?

सोनीचं जमलं, हे मान्य. पण सोनीने तेव्हा एरिक्सनशी भागीदारी केली होती. टॉवर, रेडिओ, नेटवर्क ज्यांनी आयुष्यभर केलं त्यांच्याबरोबर. वॉकमनचा शिक्का वरून बसला.

तुमचा मूळ त्रास दोन वस्तू बाळगण्याचा आहे, तर त्यावर उपाय फोन काढणं हा नाहीच. २०१६ मध्ये आयफोन ७ ने हेडफोनचा जॅक काढून टाकला, मागोमाग बऱ्याच कंपन्यांनीही काढला. प्लेअरवाल्यांसाठी याच्याइतकी चांगली बातमी नव्हती. बोटाएवढा यूएसबी डॅक बनवा, तो फोनला लावा, वरून चांगला हेडफोन. अँटेना नाही, आयएमईआय नाही, डिस्प्ले नाही, बिघडला की बदलून द्या. बऱ्याच प्लेअर कंपन्या आज हेच करतायत आणि शहाणपणा करतायत. तुम्हीही एक घ्या, प्लेअर घरी ठेवा.

एक अपवाद आठवतो. सारेगामा या गाण्यांच्या कंपनीने कारवाँ या जुनी गाणी भरलेल्या रेडिओसारख्या डब्यानंतर २०२२ मध्ये कारवाँ मोबाइल आणला, साधा कीपॅडचा, आत दीड हजार गाणी आधीच भरलेली. आईवडिलांना द्यायला ती कल्पना मला पटते. पण त्यांचा मूळ धंदा गाण्यांच्या हक्कांचा. डबा काय, फोन काय, त्यांना गाणी पोचवायचं निमित्त. शिवाय माझा अनुभव कीपॅडच्या काळातला आहे. आज बोर्ड बरे येतात, फोरजीवर ती टिर्रही पूर्वीसारखी ऐकू येत नाही. स्पेअर आणि अपडेट यांचं दुखणं मात्र वाढलंय. तेव्हा एकदा सॉफ्टवेअर घातलं की संपायचं, आता फोन विकल्यावर वर्षानुवर्षं सिक्युरिटी अपडेट द्यावे लागतात.

तरीही कुणाला काढायचाच असेल तर काढावा. फक्त लाँचच्या आधी सेल्सच्या माणसाला नाही, स्टोअरच्या माणसाला विचारावं की कुठले स्पेअर किती आलेत.

राहिले आमचे साहेब. हल्ली स्मार्टवॉच विकणाऱ्या एका कंपनीत आहेत म्हणे. साहेब, वाचत असाल तर, स्पेअरची मागणी केलेला तो मेल तुमच्या एका ओळीच्या उत्तरासकट माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. पुन्हा कुणाला 'सर्व्हिसने बुडवला' म्हणालात तर इथेच टाकतो.