नऊ चॅनेलचा रिसीव्हर आणि भिंतीला टेकलेला सोफा

प्रश्न : वय ४१, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात नोकरी. महिन्याला हातात १,१५,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ३४,०००, घरखर्च ३८,०००, एसआयपी १५,०००. एफडी २,६०,००० ची आणि बचत खात्यात ९०,०००. दिवाळीला कर कापून १,१०,००० बोनस मिळेल. हॉल १२ बाय १४ चा, सोफा मागच्या भिंतीला लावलेला. टीव्ही ५५ इंची. २००९ साली घेतलेली स्पीकरची जोडी अजून छान वाजते. ब्लू-रे प्लेयर नाही, सगळं ओटीटीवर बघतो. दुकानदार होम थिएटरचा ९.२ चॅनेलचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) सुचवतोय : १,४५,०००, बारा महिने नो कॉस्ट ईएमआय. एकरकमी दिले तर १,३६,०००. ५.२ चॅनेलचा ४८,००० ला आहे, बरा साउंडबार ५५,००० ला. बायको म्हणते साउंडबार घ्या, आईंना रिमोटचा गोंधळ नको. मला आवाज चांगला हवा आहे. एकदाच मोठा घेऊन टाकावा का? लागल्यास एफडी मोडेन. न्यू जर्सीचा भाऊ तिकडून आणायलाही तयार आहे.

उत्तर : आधी त्या नो कॉस्टचं बघू, कारण तुमच्या प्रश्नातच त्याचं उत्तर पडलेलं आहे. रोखीने १,३६,०००, हप्त्याने १,४५,०००. म्हणजे १,३६,००० चं कर्ज घेऊन तुम्ही १२,०८३ चे बारा हप्ते भरणार. याचा व्याजदर काढला तर बरोबर वर्षाला १२ टक्के येतो. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के हप्त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. तेव्हापासून व्याज लावलं जातं आणि तेवढी सूट दिल्यासारखं दाखवलं जातं. बँकेने लावलेल्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या कार्डाच्या बिलात वेगळी येईल, ती दुकानदार सांगत नाही. तेव्हा हप्ता नको.

मग एफडी? तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७२,००० होतात. सहा महिन्यांचे ४,३२,००० हाताशी असावेत असं मी सगळ्यांनाच सांगतो. कारखान्यातली नोकरी, गृहकर्ज आणि घरात आई, असं असताना तर आग्रहाने. तुमच्याकडे एफडी आणि बचत मिळून ३,५०,००० आहेत, म्हणजे आजच ८२,००० कमी. त्यातून १,३६,००० काढले की उरतात २,१४,०००, तीन महिन्यांचा खर्च. एफडीला हात लावायचा नाही. राहिला बोनस, आणि तो मात्र खर्च करायला माझी हरकत नाही. वर्षभर राबल्यावर माणसाने घरात काही आणू नये असं म्हणणारा सल्लागार मी नव्हे. (जाता जाता : हप्ता, घरखर्च, एसआयपी वजा केल्यावर तुमचे महिन्याला २८,००० उरतात. ते कुठे जातात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला रिसीव्हरपेक्षा त्याची उत्सुकता जास्त आहे.)

आता वस्तूकडे. पैशाइतकाच तिचाही हिशोब करावा लागतो, कारण जे वाजणारच नाही त्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. नऊ चॅनेल म्हणजे नऊ स्पीकर (९.२ मधला २ म्हणजे दोन सबवूफरची, खर्जाच्या स्पीकरची, सोय). समोर तीन, दोन्ही बाजूंना एकेक, झाले पाच. त्यानंतरचे दोन पाठीमागे लावायचे असतात, बसणाऱ्याच्या मागे काही फूट जागा सोडून. तुमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे. ते स्पीकर कुठे ठेवणार, शेजाऱ्याच्या बेडरूममध्ये? दुसरा मार्ग म्हणजे उरलेले चार छतात. त्यासाठी पीओपी फोडून वायरी न्याव्या लागतील, आणि तो खर्च दुकानदाराच्या कोटेशनमध्ये नाही. स्पीकरचाही नाही. म्हणजे १,४५,००० हा त्या स्वप्नाचा निम्म्याच्या आसपासचा भाव आहे. पूर्ण भाव ऐकला असता तर तुम्ही मला विचारलंही नसतं.

वॅटचं म्हणाल तर मोठ्यात १२५ आणि छोट्यात ८० वॅट असं सांगून भुरळ घातली जाते. पण ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, आणि कानाला तो दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. ८० आणि १२५ मधला फरक जेमतेम २ डेसिबलचा. तुमच्या हॉलमध्ये रात्री साडेनऊला आई झोपलेल्या असताना जेवढ्या आवाजात तुम्ही बघणार, त्याला चॅनेलमागे एक-दोन वॅट पुरतात. शिवाय छापलेले वॅट दोन चॅनेल वाजवून मोजलेत की एकच, आठ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध) स्पीकरवर की सहाच्या, हे बारीक अक्षरात असतं. तुलना करायचीच तर एकाच मापाने मोजलेल्या आकड्यांची करा.

मोठ्या रिसीव्हरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. सोबत येणारा माइक सोफ्यावर ठेवून खोलीचा आवाज मोजणं आणि त्याप्रमाणे दुरुस्त करणं हे काम वरच्या मॉडेलमध्ये सहसा जास्त बारकाईने होतं. कानाला कळेल असा हा फरक आहे. पण तुमच्या हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स असणार, समोर काचेचं दार. तिथे चांगला जाड गालिचा आणि जड पडदे लावा. काही हजारांत आवाजाचा घुमारा असा बसेल की हा फरक बराचसा भरून निघेल, आणि घरच्यांचाही आक्षेप नसेल.

रिसीव्हरवर जास्त पैसे लावू नयेत याचं माझं खरं कारण मात्र वेगळं आहे. तुमची २००९ ची जोडी आजही उत्तम वाजते. त्याच वर्षी आलेल्या एचडीएमआय (चित्र आणि आवाज नेणारी जोडणी) १.४ या आवृत्तीचा रिसीव्हर तुम्ही घेतला असता तर तो आज ४के टीव्हीपुढे अडगळ झाला असता. २०१३ ला २.०, २०१७ ला २.१ आलं. २०२० मध्ये २.१ चे पहिले रिसीव्हर बाजारात आले, तर त्यातल्या काहींमधून नव्या गेमिंग कन्सोलचं १२० हर्ट्झचं (सेकंदाला १२० वेळा बदलणारं) चित्रच नीट जाईना. रिसीव्हर हा आतून कॉम्प्युटर आहे आणि कॉम्प्युटरसारखाच जुना होतो. स्पीकर म्हणजे लाकडाची पेटी, चुंबक आणि कागद. पैसा टिकणाऱ्या वस्तूत घाला.

ओटीटीवरचा ॲटमॉस (वरूनही आवाज येतोय असं भासवणारा डॉल्बीचा प्रकार) डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून येतो आणि तो साध्या एआरसी जोडणीतूनही, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरीतूनच रिसीव्हरकडे पाठवणाऱ्या सोयीतूनही, जातो. तिच्या नव्या आवृत्तीची, ई-एआरसीची, खरी गरज ब्लू-रेच्या दर्जा न घटवता साठवलेल्या आवाजाला. ब्लू-रे प्लेयर तुमच्याकडे नाही, तेव्हा त्या एका शब्दासाठी जादा पैसे देऊ नका. ४८,००० च्या मॉडेलमध्ये आपसूक आला तर उत्तम.

आता आई. हा मुद्दा मी सर्वात गंभीरपणे घेतो, कारण माझ्याच घरात हा खेळ झालेला आहे. बारा वर्षांपूर्वी मी हौसेने एक मोठा रिसीव्हर आणला. रिमोटवर पन्नासेक बटणं. टीव्ही लावायला तीन रिमोट, आणि क्रम चुकला की चित्र आहे पण आवाज नाही. मी ऑफिसात असताना फोन यायचा. सहा महिन्यांत सगळे टीव्हीच्याच स्पीकरवर परत आले आणि माझी गुंतवणूक रविवारी दोन तास वाजू लागली. तासाचा भाव काढला नाही, काढवला नाही.

आज हे टळतं. रिसीव्हरची वायर टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टातच घाला आणि दोन्हीकडे एचडीएमआय-सीईसी चालू करा. एलजी त्याला सिम्पलिंक म्हणतं, सॅमसंग एनिनेट प्लस, सोनी ब्राव्हिया सिंक. मग टीव्हीच्याच रिमोटने रिसीव्हर चालू-बंद होतो, आवाजही कमी-जास्त होतो. सेट-टॉप बॉक्स सरळ टीव्हीला जोडा. म्हणजे टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज टीव्हीच्या स्पीकरवर ठेवला की दुपारच्या मालिका रिसीव्हर न लावताही चालतील. हे सगळं दुकानात तुमच्याच कंपनीच्या टीव्हीवर करून दाखवायला सांगा, आणि रिमोट आईंच्या हातात द्या. त्यांना जमलं नाही, तर तुमच्या पत्नीचं म्हणणं बरोबर आणि ५५,००० चा साउंडबार हाच शहाणपणाचा सौदा. त्याचं उणं एवढंच, की त्यात सगळं एका डब्यात, बिघडला की सगळंच गप्प, आणि तुमची जुनी जोडी माळ्यावर जाईल.

जमलं, तर असं करा : रिसीव्हर ४८,०००, सेंटर स्पीकर १४,००० च्या आत, सबवूफर १८,००० च्या आत, वायर आणि स्पाइक गार्डला ३,०००. झाले ८३,०००. समोर जुनी जोडीच. ओटीटीवर संवाद ऐकू येत नाहीत ही घरोघरची तक्रार सेंटर स्पीकरने बरीच मिटते, म्हणून तो आधी. बाजूची जोडी पुढच्या दिवाळीला. विजेचा विचार केलात का माहीत नाही : ८० वॅट, रोज तीन तास, युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला सत्तर-बहात्तर रुपये. सोडून द्या.

भावाला मात्र नको म्हणा. अमेरिकेतला रिसीव्हर १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मर, कस्टम, बॅगेतलं दहा-बारा किलो वजन, आणि बिघडल्यावर इथे वॉरंटी नाही. हाच प्रश्न नाशिकच्या दुकानदारालाही विचारा : अधिकृत सर्व्हिस सेंटर शहरात आहे, की खोका मुंबईला पाठवावा लागेल, आणि पाठवायचा खर्च कोणाचा? उत्तर बिलावर लिहून घ्या.

बोनसमधले २७,००० बचत खात्यात टाका. मग सहा महिन्यांच्या रकमेला ५५,००० कमी पडतात. महिन्याला उरणाऱ्या त्या २८,००० मधून ५,००० ची आवर्ती ठेव वर्षभराची सुरू करा. ती पुढच्या दिवाळीच्या आसपास भरेल, म्हणजे बाजूच्या स्पीकरचं तेव्हा बघता येईल.