उभे राहण्याचे दुखणे, की ताठ राहण्याचे?

दिवसभर उभ्याने काम करणारी माणसे माझ्याकडे येतात, तेव्हा ‘पाठ दुखते, काय करू’ असे क्वचितच विचारतात. त्यांचा प्रश्न त्याच्या पुढचा असतो: ‘असेच उभे राहत गेलो तर माझा मणका किती दिवस टिकेल?’ शिक्षक, परिचारिका, स्वयंपाकी, पहारेकरी, यंत्रावरचे कामगार, सगळ्यांच्या तोंडी जवळपास हेच शब्द असतात. मी एका भौतिकोपचार (फिजिओथेरपी) केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते. म्हणजे माझ्यापर्यंत येईतो माणसाची तपासणी झालेली असते, व्यायाम शिकवून झालेले असतात आणि तरीही दुखणे जागचे हललेले नसते. अशाच एका गृहस्थांची ही हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ते सलूनमध्ये कारागीर होते. वय ४४, हाती कात्री धरल्याला २२ वर्षे झालेली. खोलीत आले ते कंबरेला रुंद पट्टा आवळून, आणि खुर्चीच्या अगदी कडेला, पाठ कुठे टेकणार नाही अशा बेताने बसले. खिशातून चार घड्या घातलेला एमआरआयचा अहवाल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यातल्या दोन शब्दांखाली पेनाने रेघा मारलेल्या होत्या: ‘झीज’ या अर्थाचा एक आणि दोन मणक्यांमधली चकती (डिस्क) बाहेर आल्याचे सांगणारा दुसरा. ‘मॅडम, मेव्हण्यांनी सांगितले की उभे राहणे ताबडतोब बंद करा, नाहीतर अंथरुणाला खिळाल. पण उभे राहणे बंद केले तर मी कमवायचे कसे?’ तीन महिन्यांपासून ते वाकणे टाळत होते, पट्टा फक्त झोपताना काढत होते आणि सुट्टीचा अख्खा दिवस पलंगावर पडून काढत होते. इतकी काळजी घेऊनही दुखणे कमी होण्याऐवजी वाढत चालले होते, आणि त्याचा अर्थ त्यांनी एकच लावला होता: आतून मणका खचत चालला आहे.

मी त्यांना म्हटले, ‘मला तुमच्या कामातले काही कळत नाही. ही खुर्ची गिऱ्हाइकाची समजा आणि एक कटिंग करून दाखवा.’ त्यांना आधी हसू आले, मग ते उभे राहिले. पुढची पाच मिनिटे मी जे पाहिले ते कोणत्याही अहवालात आले नसते. दोन्ही गुडघे मागे ताणून घट्ट केलेले, पोट आत ओढलेले, मानेजवळची कात्री चालवताना श्वास रोखलेला. खुर्चीभोवती फिरण्याऐवजी ते एकाच जागी पाय रोवून, हात लांबवून काम करत होते. ‘पूर्वीही असेच उभे राहत होता का?’ असे विचारल्यावर थोडा विचार करून ते म्हणाले, ‘नाही, आता जपतो ना.’ त्या एका वाक्यात त्यांचे निम्मे दुखणे सापडले, असे मला तेव्हाच वाटले. परंतु मी ते बोलून दाखवले नाही, कारण भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष सहसा पटत नाही.

त्याऐवजी त्यांना एक लहान वही दिली. दर दोन तासांनी तीनच गोष्टी लिहायच्या: किती गिऱ्हाइके झाली, मधल्या वेळेत काय केले, आणि शून्य ते दहा यांपैकी दुखण्याला किती गुण. आठवड्याने ते आले ते जरा गोंधळलेले होते. ज्या दिवशी गिऱ्हाइकांची रीघ लागली होती आणि पाणी प्यायलाही फुरसत नव्हती, त्या संध्याकाळी वहीत चार लिहिले होते; आणि ज्या दुपारी दुकान रिकामे होते, त्या दिवशी सात. ‘उलटे कसे झाले?’ असे त्यांनीच मला विचारले. रिकाम्या वेळेत ते काय करत होते, हे मग आम्ही दोघांनी मिळून पाहिले. खुर्चीशेजारी हाताची घडी घालून ते दाराकडे तोंड करून उभे असत, कारण आत येणाऱ्याला कारागीर बसलेला दिसू नये, असा मालकांचा दंडक होता. गर्दीच्या दिवशी मात्र ते खुर्चीभोवती फिरत, बेसिनपर्यंत जात, केस झाडून काढत. दोन्ही दिवशी उभे राहण्याचे तास सारखेच होते. फरक होता तो हालचालीचा.

याचे कारण शरीरातच आहे. उभे असताना धड सावरण्यासाठी कंबरेचे स्नायू सतत थोडेसे आकुंचन पावलेले असतात. स्नायू आकुंचित राहिला की त्याच्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि तो मधूनमधून सैल झाला नाही तर त्याला लागणारा रक्तपुरवठा अपुरा पडून तो थकतो व दुखू लागतो. पोटऱ्यांचेही असेच आहे. चालताना त्या पिळल्या-सोडल्या जातात आणि पायातले रक्त वर ढकलतात, स्तब्ध उभे राहिले की हे काम मंदावते आणि पाय जड होतात. मणक्यांमधल्या चकत्यांना प्रौढ वयात स्वतःचा असा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. भोवतालच्या भागातून झिरपणाऱ्या द्रवावर त्या पोसल्या जातात आणि त्यासाठी दाब कमी-जास्त होत राहणे उपयोगी पडते. निरोगी माणसांना सलग दोन तास उभे ठेवून केलेल्या प्रयोगांत काहींची कंबर दुखू लागते आणि काहींची लागत नाही. ज्यांची दुखते, त्यांचे दोन्ही बाजूंचे नितंबाचे स्नायू एकाच वेळी ताठलेले राहण्याकडे कल असतो, असे आढळले आहे. आमचे कारागीर पट्टा आवळून, श्वास रोखून नेमके तेच करत होते. म्हणजे ज्या ताठपणाला ते औषध समजत होते, तोच दुखण्याला खतपाणी घालत होता.

‘पण उभे राहिल्याने चकतीवर भार पडतोच ना?’ हा त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. आल्फ नाचेमसन या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीमधला दाब सुईने मोजण्याचे काम सुरू केले. त्यांच्या मोजमापांनुसार सरळ उभे असतानाचा दाब १०० धरला, तर उताणे झोपल्यावर तो साधारण २५ असतो, आधाराशिवाय बसल्यावर सुमारे १४० होतो आणि उभ्याने पुढे वाकल्यावर जवळपास १५० होतो. पुढे १९९९ मधल्या मोजमापांत बसणे आणि उभे राहणे यांच्यातला फरक इतका मोठा दिसला नाही. तरीही उभे राहिल्याने मणका चिरडतो या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढे निश्चित. ही आकडेवारी मी कागदावर लिहून दिली, आणि तो कागद त्यांनी एमआरआयच्या अहवालासोबत त्याच घडीत ठेवला.

अहवालाबद्दल मात्र अधिक सावकाश बोलावे लागले. पेनाने अधोरेखित केलेले शब्द माणसाच्या मनात घर करतात, आणि ‘झीज’ हा शब्द तर यंत्राच्या दातेरी चाकाची आठवण करून देणारा आहे, जणू एकदा घासले की संपले. पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या लोकांपैकी सुमारे ६८ टक्क्यांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली आणि सुमारे ५० टक्क्यांमध्ये चकती फुगून बाहेर आलेली दिसली. ‘म्हणजे माझ्या खुर्चीत रोज बसणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांचा अहवाल माझ्यासारखाच येईल?’ ते म्हणाले. त्यांच्या वयाच्या गिऱ्हाइकांपुरता हा हिशेब साधारण बरोबर होता. केसांत दिसणाऱ्या पांढऱ्या रंगासारखे हे बदल वयाबरोबर येतात. दुखणे त्यांच्यामुळे असू शकते, पण ते दिसले म्हणून दुखणे त्यांच्यामुळेच आहे असे होत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा दिलासा मी त्यांना देऊ शकले, कारण डॉक्टरांनी आधी तपासून गंभीर कारणे बाजूला केली होती. लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण जाणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्या-आपटल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल किंवा रात्री पडून राहूनही दुखणे थांबत नसेल, तर समुपदेशकाकडे नव्हे, डॉक्टरांकडे जावे.

कामाच्या जागेतले बदल आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञांनी सुचवले आणि त्यांतले बहुतेक फुकटातले होते. सलूनच्या खुर्चीला पायाने दाबायचा पंप असतो. दिवसभरात तो ते एखाद-दुसऱ्या वेळीच वापरत, कारण वाकून काम उरकण्याची सवय पडली होती. आता प्रत्येक गिऱ्हाइकासाठी खुर्ची अशी वर-खाली करायची की मानेजवळचे काम करताना कंबरेतून वाकावे लागू नये आणि डोक्यावरचे काम करताना कोपर खांद्याच्या वर जाऊ नये. हेच तत्त्व इतर उभ्या कामांनाही लागू आहे: हलक्या कामासाठी टेबल कोपरापेक्षा पाच ते दहा सेंटिमीटर खाली असावे, बारीक नजरेच्या कामासाठी कोपरापेक्षा किंचित वर आणि जोर लावण्याच्या कामासाठी बरेच खाली. दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा एक लाकडी ठोकळा त्यांनी आरशाखाली ठेवला आणि त्यावर आलटून पालटून एकेक पाय ठेवू लागले. त्याने कंबरेचा आतला बाक कमी होतो आणि वजनाची बाजू आपोआप बदलत राहते. पायात सपाट, पातळ तळाची चप्पल होती, तिच्या जागी टाचेला थोडी उंची आणि आत मऊ थर असलेले, बोटांना ऐसपैस जागा देणारे बूट आले. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. मऊ चटईचा मात्र त्यांना फारसा उपयोग झाला नाही. केस अडकतात, या तक्रारीवर ती आठवड्यातच गुंडाळली गेली.

सर्वांत अवघड ठरली ती सर्वांत साधी गोष्ट, म्हणजे बसणे. रिकाम्या वेळेत पाच मिनिटे स्टुलावर टेकायचे, तर मालकांशी बोलावे लागणार होते, आणि २२ वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितले नव्हते. ‘बसलेला कारागीर आळशी दिसतो’ हे मालकांचे मत होते, पण बोलता बोलता लक्षात आले की ते त्यांचे स्वतःचेही मत होते. वडीलही हेच काम करत आणि त्यांना कधी बसलेले पाहिले नव्हते. या एका मुद्द्यावर आमच्या दोन भेटी गेल्या. मी मालक झाले, ते स्वतःच्या भूमिकेत राहिले आणि आम्ही तो संवाद तीन वेळा बोलून पाहिला. पहिल्या वेळी त्यांनी सुरुवातच माफी मागून केली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘मला मधे पाच मिनिटे टेकू दिले तर संध्याकाळच्या गर्दीत माझा हात पहिल्यासारखा चालेल.’ प्रत्यक्षात मालकांनी फारशी खळखळ केली नाही. दारातून न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्टूल ठेवायला परवानगी दिली. कामगारांना बसण्याची सोय मागावी लागते हे मला आजही पटत नाही, पण त्या दिवशी आम्हाला तत्त्वाची लढाई जिंकायची नव्हती, स्टूल मिळवायचे होते.

घरी करण्याचे व्यायाम मोजकेच होते. कामावरून आल्यावर जमिनीवर उताणे पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या आणि दहा मिनिटे शांत श्वास घ्यायचा. मग गुडघे छातीशी घ्यायचे. हातापायांवर ओणवे होऊन उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय लांब करायचे. शेक हवासा वाटला तर पंधरा-वीस मिनिटे घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी पलंगाऐवजी सकाळी अर्धा तास चालायचे. आणि प्रत्येक कटिंग संपली की टाचा दहा वेळा उचलायच्या.

पट्ट्याविषयी मी घाई केली नाही. जुनाट कंबरदुखीवर पट्टे नेहमीचा उपाय म्हणून वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही ज्या वस्तूच्या आधारावर माणूस तीन महिने कामावर गेला, ती एका दिवसात काढायला लावणे मला निर्दयपणाचे वाटते. दिवसातला एक तास पट्ट्याविना, मग दोन, असे करत त्यांनी तो सैल केला.

पाचव्या आठवड्यात एका गर्दीच्या दिवसानंतर त्यांची कंबर इतकी धरली की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पट्टा बांधून, पुन्हा खुर्चीच्या कडेला येऊन बसले. ‘झाले, पुन्हा पहिल्यासारखे झाले.’ मी वही मागितली. त्या दिवशी त्यांनी आजारी सहकाऱ्याची गिऱ्हाइकेही सांभाळली होती, ठोकळा कोणीतरी हलवला होता आणि स्टुलावर ते एकदाही टेकले नव्हते. दुखणे म्हणजे दर वेळी इजा नव्हे. न झेपणारे काम अंगावर घेतले की सुदृढ स्नायूही बोंबलतो. पडून न राहता बेताने हालचाल सुरू ठेवायची आणि चार दिवस वाट पाहायची, असे ठरले. तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला की वहीत पुन्हा चार लिहिले आहे.

त्यांची पाठ पूर्णपणे बरी झाली, असे मी म्हणणार नाही. लांबच्या दिवसानंतर संध्याकाळी ती अजूनही दुखते, कधी तीन, कधी चार. शेवटच्या भेटीत ते बोलण्याच्या नादात खुर्चीला पाठ टेकून बसले होते आणि ते त्यांच्या लक्षातही आले नव्हते. पट्टा कुठे आहे असे विचारल्यावर म्हणाले, ‘कंगव्यांच्या खणात. टाकलेला नाही.’ टाका, असे मीही सांगितले नाही.